काचेवरची वाघीण

नोकरीतले किस्से धुळीसारखे असतात. कुणी मुद्दाम आणून टाकत नाही, पण आठ दिवस हात फिरवला नाही की बोटानं नाव लिहिता येईल इतके साचतात. मी बारसागडे, वनविभागाच्या एका रेंज ऑफिसातला बाबू. आरमोरीच्या पुढे धानाच्या बांध्या संपतात आणि जंगल सुरू होतं, तिथे आमचं ऑफिस. इतक्या वर्षांत फायली किती हातावेगळ्या केल्या ते आठवत नाही, पण माझे निम्मे किस्से एकाच काचेचे आहेत हे नक्की.

ती काच पुढच्या खोलीतल्या लाकडी मांडणीवर आहे. मांडणी कमरेएवढी उंच, चार खणांची. खणांत रजिस्टरं, वर काच आणि काचेखाली आमच्या जंगलाचा नकाशा, कंपार्टमेंट नावाच्या तुकड्यांत आखलेला. मोहाच्या हंगामात रोज सकाळी त्या काचेवर एक खूण लागते : आमची पिल्लंवाली वाघीण आज कुठे आहे त्याची. खूण बघून मी गावाला निरोप देतो आणि बाया तिच्या उलट्या बाजूला मोहा, म्हणजे मोहाची गळलेली फुलं, वेचायला जातात.

खूण चुकली तर काय होईल, हे आमच्याकडे शेंबडं पोरही सांगेल. या किस्स्यांच्या आदल्या हंगामात पलीकडच्या गावची एक बाई मोहा वेचायला गेली ती परत आली नव्हती. म्हणून हे किस्से मी हसत सांगतो खरं, पण पोटात भीती असतेच.

*

आधी काच नव्हती. नकाशा मांडणीवर नुसताच अंथरलेला असायचा आणि येणारा जाणारा त्यावर चहाचा कप ठेवायचा. मी ओरडून ओरडून थकलो. ऑफिसात माझं नाव 'पुसणारा बाबू' पडलं होतं, तरी कुणी ऐकलं नाही.

त्या उन्हाळ्यात वर्ध्याकडचा एक नवा वनरक्षक रुजू झाला. पोरगा मेहनती. कुठे किती पाणी शिल्लक आहे ते बघून यायला त्याला सांगितलं. त्यानं नकाशावरून सगळे पाणवठे वहीत उतरवून घेतले आणि निघाला. सात पाणवठे सापडले. आठवा काही केल्या सापडेना.

दुपारचे दोन वाजले, तीन वाजले, तरी पोराचा पत्ता नाही. फोन लागत नव्हता. मे महिन्यातलं आमच्याकडचं ऊन म्हणजे माणसाला भाजून काढणारं. शेवटी मडावी त्याला शोधायला गेला. मडावी आमचा सगळ्यात जुना वनरक्षक, जंगल त्याला घरासारखं माहीत. त्याला तो पोरगा एका सागाखाली बसलेला सापडला. पाण्याची बाटली रिकामी, डोळे वर गेलेले. शुद्धीवर आल्यावर पहिला प्रश्न त्यानं विचारला, "तो गोल तलाव कुठी हाय जी? नकाशात तर एवढा मोठा दाखवला!"

मडावीनं त्याला ऑफिसात आणलं, नकाशासमोर उभं केलं आणि त्या गोल तलावावर चहाचा कप ठेवला. कप बरोबर बसला.

कुणी हसलं नाही. पोरगा थोडक्यात वाचला होता. काच आणायचं त्याच दिवशी ठरलं.

*

माप घ्यायला इस्तारीभाऊ सुतार आला. टेप त्यानं उभ्या आयुष्यात वापरला नाही. तुराटीची काडी मांडणीवर आडवी धरली, नखानं खूण केली, उभी धरली, पुन्हा खूण केली आणि ती काडी माझ्या हातात दिली. म्हणाला, हे दाखव आणि कडा घासून आण, नाहीतर कोणाचं तरी मनगट चिरेल.

काच आरमोरीत कापून घेतली आणि गोधडीत गुंडाळून यष्टीनं आणली. दोन सीटांच्या मधे उभी धरून बसलो. पहिल्या खड्ड्याला मी "हळू!" म्हणालो. दुसऱ्या खड्ड्याला माझ्यासोबत शेजारची बाई म्हणाली. पाचव्या खड्ड्यापर्यंत अख्खी गाडी एका सुरात "हळू" म्हणत होती. ड्रायव्हर इतका घाबरला की पुढे बैलबंडी आम्हाला मागे टाकून गेली. पण काच शाबूत आली.

इस्तारीभाऊनं मांडणीच्या चार कोपऱ्यांना रबराची चार बुचं चिकटवली, म्हणजे काच सरकणार नाही आणि लाकूड फुगलं तरी काचेला ताण येणार नाही. आम्ही चौघांनी श्वास रोखून काच खाली टेकवली. बसली, अगदी बरोबर. मी सुस्कारा सोडणार तेवढ्यात इस्तारीभाऊनं हात उगारला आणि काचेच्या मधोमध फाडकन थापड मारली!

 मी त्याच्यावर खेकसलो. तो शांतपणे हत्यारं पिशवीत भरत म्हणाला, "फुटाची असन तर आत्ता फुटू दे ना, बाबू. वाघाच्या टायमाले फुटली तर काय करसान?"

*

आता खूण कशानं करायची हा प्रश्न आला. पहिल्यांदा मार्कर पेन वापरलं. मडावीनं सकाळी वाघिणीचा माग काढून यावं, लाल गोल काढावा आणि दुपारपर्यंत कुणाच्या तरी बाहीनं तो पुसला जावा. एकदा तर शाईचा फराटा ओढला गेला आणि वाघीण एका दमात तीन गावं ओलांडून गेल्यासारखी दिसायला लागली. त्या दिवशी तिन्ही गावांतून फोन आले.

तोड शेवंताबाईनं काढली. शेवंताबाई रामटेके म्हणजे आमच्याकडे झाडपूस करणारी बाई. साठीच्या आतबाहेरची, चवळीच्या शेंगेसारखी. तिनं घरून सुनेचं टिकल्यांचं पाकीट आणलं आणि त्यातली एक लाल टिकली मडावीच्या बोटावर दिली. टिकली पुसली जात नाही, ओघळत नाही, उचलून दुसरीकडे लावता येते. तेव्हापासून आमच्या ऑफिसात वाघिणीला टिकली लावतात.

वर्षभरात तपासणीला एक अधिकारी आले. काचेवर वाकून त्यांनी बघितलं आणि विचारलं की वाघिणीला टिकली लावायचा हा काय प्रकार आहे. आमच्या रेंजर मॅडम पुण्याकडच्या, नियमाच्या पक्क्या. त्यांचा चेहरा उतरला. 

मडावीनं अटेन्शनमधे उभं राहून सांगितलं, "सवासीन हाय जी. नर बाजूच्याच कंपार्टमेंटात हाय."

*

काच पुसायचं काम खरं तर शेवंताबाईचं. ते माझ्याकडे कसं आलं, त्याचाही एक किस्सा आहे.

शेवंताबाई ओल्या फडक्यानं काच पुसायची. मला त्या पांढऱ्या रेघा बघवत नसत. एकदा तिनं फडकं न पिळताच फिरवलं आणि पाणी काचेच्या कडेनं आत गेलं. नकाशावरचा नाल्याचा निळा रंग पसरला आणि नाल्याकाठचं एक गाव त्यात बुडालं. नेमका त्याच गावचा पोलीस पाटील कसल्याशा दाखल्यासाठी आला होता. बराच वेळ काचेवर वाकून राहिला. मग हळूच मला म्हणाला, "धरण येऊन राह्यलं का जी? आमाले तं कोणी सांगतलं नाई."  त्याला समजावता समजावता मला घाम फुटला.

त्या दिवशी मी जाहीर केलं की आजपासून काचेला माझ्याशिवाय कोणी हात लावायचा नाही. जुना पेपर, त्यावर लिंबू पिळलेल्या पाण्याचे चारच थेंब, मधून कडेकडे हात आणि शेवटी कोरडा पेपर. अशी काच मी रोज पुसायचो. शेवंताबाई झाडू टेकून बघत राहायची. एकदा म्हणाली, "बाबू, काच सोच्छ असनं येगळं अन् बरोबर असनं येगळं."

मी तिच्याकडे लक्ष दिलं नाही. इथे माझं चुकलं, हे आता कबूल करतो.

*

शेवंताबाईची सून कांता. टिकल्यांची मालकीण तीच. मोहा वेचणाऱ्या बायांच्या टोळीत सगळ्यात पुढे तीच असायची आणि माझा निरोप तिच्याच फोनवर जायचा.

या सासूसुनेचं दोन वर्षं बोलणं बंद होतं. एका घरात, एका चुलीवर, पण शब्द नाही. भांडणाचं मूळ विचारलं तर दोघी वेगवेगळं सांगायच्या. सासूला मीठ हवं असलं तर ती मांजराला सांगायची की या घरात मीठ कुठी ठेवतात कोण जाणे, आणि सून मिठाचा डबा मांजरापुढे ठेवायची.

पण सकाळी साडेसहाला मडावीनं टिकली लावली की शेवंताबाई झाडू तसाच टाकून माझ्या टेबलाशी यायची आणि म्हणायची, "बाबू, फोन करा ना तिले." मी म्हणायचो, तुझ्याकडे फोन आहे, सून तुझी आहे, तूच कर. ती भिंतीकडे बघून म्हणायची, "मी काऊन करू? मले काय तिची फिकर हाय?"

आणि मी फोन लावून बोलून होईपर्यंत जागची हलायची नाही. पलीकडून कांताचं "हो जी" ऐकू आलं की मगच झाडू उचलायची.

*

आता त्या दिवसाचं सांगतो.

आमच्या जंगलाच्या मधून नाला जातो. नाल्याच्या गावाकडच्या अंगाला टेकाडी आणि पलीकडच्या अंगाला बोडी, म्हणजे छोटं तळं. मोहाची झाडं दोन्हीकडे आहेत. नऊ दिवस वाघीण पिल्लं घेऊन टेकाडीवर मुक्काम ठोकून होती. नऊ दिवस टिकली टेकाडीवर आणि बाया बोडीकडे. मला न बघताही निरोप पाठ झाला होता.

दहाव्या दिवशी दुपारी जिल्ह्याचे मोठे साहेब येणार होते. मी पहाटेपासून काचेच्या मागे लागलो होतो. साडेसहाला मडावी आला. मी फोनवर होतो. त्यानं टिकली लावली, मला हात दाखवला आणि साहेबांच्या जेवणाचं सामान आणायला तसाच आरमोरीला गेला.

फोन ठेवून मी काचेकडे वळलो, तर खिडकीतून आलेल्या उन्हात काचेवर जुन्या टिकल्यांच्या डिंकाचे चिकट गोल दिसले. साहेब येणार आणि काचेवर चिकट डाग! मी टिकली उचलली, हरवू नये म्हणून मनगटावरच्या घड्याळाच्या काचेवर चिकटवली आणि नखानं, पेपरानं, लिंबानं सगळी काच लख्ख केली. तेवढ्यात साहेबांच्या ऑफिसातून पुन्हा फोन आला. एका हातानं फोन धरून दुसऱ्या हातानं मी टिकली पुन्हा लावली. नऊ दिवस होती तिथेच, टेकाडीवर.

मग नेहमीसारखा कांताला फोन केला. वाघीण टेकाडीवर आहे, बोडीकडे जा. कांता म्हणाली, "हो जी."

साहेबांच्या गडबडीत शेवंताबाई त्या दिवशी बाहेर व्हरांड्यातच थांबली होती; माझं बोलणं तिला ऐकू गेलं नाही, नुसता मी फोन ठेवलेला दिसला आणि तिनं झाडू उचलला. व्हरांडा झाडला, मागचं अंगण झाडलं, मग आत आली. मांडणीखालचा केर काढायला वाकली आणि वाकलेलीच थांबली. सरळ झाली. काचेवर बघितलं, माझ्याकडे बघितलं.

"बाबू," ती म्हणाली, "वाघीण परत नाला कवा वलांडली?"

मला आधी कळलंच नाही. मी म्हणालो, कुठे ओलांडली, नऊ दिवस टेकाडीवरच आहे. ती म्हणाली की मडावीनं टिकली लावली तेव्हा ती दारातच उभी होती. त्यानं ती बोडीवर लावली होती.

 अकरा बाया मी स्वतःच्या तोंडानं वाघिणीकडे पाठवल्या होत्या, आणि त्याही काच चकचकीत दिसावी म्हणून. कांताला फोन लावला. नाल्यापलीकडे रेंज नसते हे माहीत असून पाच वेळा लावला. मग मॅडमच्या केबिनमधे गेलो आणि एका वाक्यात सगळं सांगितलं.  मॅडमनी जीपची किल्ली घेतली आणि त्या पळत बाहेर गेल्या.

जीपमधे मॅडम, मी आणि शेवंताबाई. तिला कुणी चल म्हटलं नव्हतं. सबंध वाटेत ती पदराचं टोक मुठीत घट्ट धरून बसली होती. तिच्याकडे बघायची मला हिंमत झाली नाही.

नाल्याशी जीपची वाट संपते. पुढे पायवाट, आणि बोडी साधारण तीनशे पावलं. पलीकडून माकडांचं खॅक खॅक ऐकू येत होतं. जंगलात ज्यानं उभी नोकरी काढली त्याला तो आवाज कळतो. वाघ दिसल्याशिवाय माकडं तशी ओरडत नाहीत. मॅडमनी बायांना बोलवायला हॉर्नवर हात ठेवला, तोच शेवंताबाईनं त्यांचं मनगट धरलं.

"मॅडम, हारन नोका वाजवू. तुमचा हारन आयकला का बाया अंदर पयतात."

खरं होतं ते. आमची जीप आली म्हणजे लाकूडतोडीच्या कुऱ्हाडी तपासायला आली, हे बायांना लहानपणापासून माहीत. हॉर्न ऐकला की त्या टोपल्या घेऊन झुडपात आणखी आत शिरतात. आज आत म्हणजे बोडीच. त्यांना वाचवायला आलेल्या माणसांना त्यांना हाक मारायचं साधन नव्हतं. मॅडमनी हॉर्नवरचा हात काढला.

शेवंताबाई खाली उतरली. नाल्याच्या काठावर उभी राहिली, दोन्ही हात तोंडाशी नेले आणि ओरडली, "कांता! ये कांता! घरी चाल, माय!"

माकडं गप्प झाली. मग काहीच ऐकू येईना. ती पुन्हा ओरडली. तिसऱ्यांदा ओरडताना तिचा आवाज फाटला.

मग पळसाच्या मागून पहिली बाई दिसली. मग दुसरी. मी मोजत होतो. दहा झाल्या, मी पुन्हा मोजल्या. अकरावी सगळ्यांच्या मागे, उलट्या पावलांनी, बोडीकडे तोंड करून येत होती. ती कांता होती.

टोपल्या तिथेच टाकून आल्या होत्या. दुपारी मडावी दोन जणांना घेऊन त्या आणायला गेला. एका टोपलीतला मोहा सांडला होता आणि त्यावर पिल्लाच्या पायाचा ठसा उमटला होता.

त्या वेळी मात्र सगळ्या बाया नाल्याकाठी मटकन बसल्या. मी कांताला विचारलं, वाघीण दिसली का? ती म्हणाली, नाही दिसली. मग एवढी का थरथरतेस, मी विचारलं.

कांतानं सासूकडे बघितलं. "वाघाचं भेव नाई वाटलं जी. बुढीनं नाव घेऊन हाक मारली ना, तवा वाटलं, आता काई आपन वाचत नाई."

*

साहेब ठरल्या वेळी, दुपारी बाराला आले. आम्ही सगळे पुढच्या खोलीत ओळीनं उभे. मॅडमच्या बुटांना नाल्याचा चिखल तसाच होता. मी सकाळपासून घोटभर पाणी प्यायलो नव्हतो. सगळं सांगायचं मी ठरवलं होतं. वाक्य तयार होतं. शेवंताबाई दाराशी झाडू घेऊन उभी, आणि तिच्या मागे, दोन वर्षांत पहिल्यांदा ऑफिसची पायरी चढलेली कांता.

साहेबांनी रजिस्टरं बघितली, भिंती बघितल्या आणि मांडणीपाशी थांबले. काचेवरून बोट फिरवून बोटाकडे बघितलं. धुळीचा कण नाही. चेहरा काचेत दिसत होता. साहेब खूश झाले. म्हणाले, इतकी ऑफिसं फिरलो, पण अशी काच कुठे पाहिली नाही. कोण पुसतं ही?

मी एक पाऊल पुढे आलो.  पण माझ्याआधी शेवंताबाईच बोलली.

"बाबू पुसत होते, साहेब. आता नाई पुसनार. आता मी पुसन."

"का? इतकं छान तर पुसतात."

शेवंताबाईनं माझ्याकडे बघितलं. त्या बघण्यात राग नव्हता, हे मला आजही जास्त लागतं.

"त्यायच्या हातानं वाघीण सरकते जी."

साहेब पोट धरून हसले. हसता हसता मॅडमकडे वळले आणि म्हणाले की तुमच्या भागातली माणसं मोठी विनोदी आहेत. मॅडम "हो सर" म्हणाल्या आणि आपल्या बुटांकडे बघत राहिल्या. तेवढ्यात कांता पुढे आली, टिकल्यांचं एक कोरं पाकीट तिनं सासूच्या हातात दिलं, आणि शेवंताबाईनं ते काचेवर ठेवलं.